मुक्या जिवांच्या घासाची अमानत

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने भूक निर्माण केली आणि भुकेच्या आधी अन्न निर्माण केले. जो बोलणाऱ्यांची विनवणी ऐकतो आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांचीही ऐकतो. दरूद व सलाम असो अल्लाहचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सर्व सहाबांवर.



काही महिन्यांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीच्या दाराशी रेंगाळत राहिला. गर्दी ओसरल्यावर तो जवळ आला आणि संकोचाने म्हणाला, "मौलाना, प्रश्न लहान आहे, हसू नका." त्याच्या घरी एक मांजर आहे. कोठेतरी मोठी सवलत होती, म्हणून त्याने मांजरीच्या कोरड्या खाद्याच्या तीन-तीन किलोंच्या आठ पिशव्या एकदम घेतल्या. पावसाळ्यात उघड्या पिशवीत बारीक किडे झाले, मांजरीने तोंड फिरवले, आणि उरलेल्यांपैकी काही पिशव्यांवरची मुदत उलटून गेली. "आता हे फेकले तर इस्राफचा गुनाह लागेल का? आणि नाही फेकले तर काय करू?"

मला हसू आले नाही. प्रश्न मांजरीचा असला तरी त्यात संपत्तीचा हिशेब होता, एका जिवाचा हक्क होता आणि शेजाऱ्याचाही वाटा होता. शिवाय याच विषयात माझ्या स्वतःच्या खात्यावर एक जुनी चूक लिहिलेली आहे. ती पुढे सांगणारच आहे. आधी मूळ विचार समजून घेऊ.

बेगमी आणि तवक्कुल

वैशाख सरत आला की आपल्या घरांत पावसाळ्याची बेगमी सुरू होते. कोकणातील आपले बांधव तिला आगोट म्हणतात. तांदूळ, डाळी, मिरची-मसाला, सुकी मासळी, सरपण असे सारे पावसाआधी घरात येते. देशावर आणि मराठवाड्यात त्याच सुमारास कडब्याच्या गंजी रचल्या जातात, तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट पोत्यांत भरले जाते. शहरातल्या सदनिकेत मांजर, पक्षी किंवा मासे पाळणारे कुटुंब एखादी जास्तीची पिशवी कपाटात ठेवते. या सगळ्याकडे पाहून कोणी म्हणते की रोजी देणारा अल्लाह आहे, मग उद्याची चिंता कशाला?

रोजी देणारा अल्लाहच आहे, यात शंका नाही. सूरह हूदमध्ये सांगितले आहे की पृथ्वीवर चालणाऱ्या प्रत्येक जिवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहवर आहे. सूरह अन्कबूतमध्ये आपले लक्ष अशा कितीतरी जिवांकडे वेधले आहे, जे आपले अन्न पाठीवर वाहून नेत नाहीत आणि तरी अल्लाह त्यांना देतो, जसा तो आपल्याला देतो. तिरमिजीतील प्रसिद्ध हदीसमध्ये प्रेषित (स.) यांनी पक्ष्यांचे उदाहरण दिले आहे. ते सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात.

या उदाहरणाकडे थोडे बारकाईने पाहा. पक्षी घरट्यात बसून राहत नाही, तो निघतो. निघणे हा त्याच्या तवक्कुलचाच भाग आहे. आता जो पक्षी आपण पिंजऱ्यात ठेवला, जी शेळी आपण दावणीला बांधली, जी मांजर आपण चौथ्या मजल्यावर दार लावून ठेवली, तिचे सकाळी बाहेर निघणे आपण बंद केले आहे. तिने शोधून खायचे ते अन्न आता आपल्या हातून तिच्यापर्यंत पोहोचायचे आहे. अल्लाहने तिची रोजी बंद केलेली नाही. त्याने ती आपल्या घराच्या वाटेने पाठवली आहे, आणि आपण त्या वाटेवरचे अमानतदार आहोत. म्हणून पाळलेल्या जिवासाठी योग्य तेवढी तरतूद करून ठेवणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. ते आपले कर्तव्य आहे.

स्वतः प्रेषित (स.) यांच्या आचरणातही याचा आधार मिळतो. हजरत उमर (रजि.) यांच्या कथनानुसार, बनू नजीरच्या खजुरांच्या उत्पन्नातून प्रेषित (स.) आपल्या घरच्यांसाठी वर्षभराचे अन्न बाजूला काढून ठेवत असत, आणि जे उरे ते अल्लाहच्या मार्गात घोड्यांच्या आणि संरक्षणसामग्रीच्या तयारीसाठी खर्च करीत. स्वतःसाठी मात्र ते उद्याचे काही राखून ठेवत नसत, असेही हदीसमध्ये आले आहे. विद्वानांनी या दोन्हींचा मेळ असा घातला आहे की स्वतःच्या बाबतीत त्यांचा विश्वास सर्वोच्च होता, आणि ज्यांचे पोट त्यांच्यावर अवलंबून होते त्यांच्या बाबतीत त्यांची काळजीही तितकीच पक्की होती. आश्रिताच्या ताटात आपल्या तवक्कुलची परीक्षा घ्यायची नसते.

बांधलेल्या जिवाचा हक्क

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत त्या स्त्रीची हदीस आहे, जिला एका मांजरीमुळे शिक्षा झाली. तिने मांजरीला मारहाण केल्याचे त्यात आलेले नाही. तिने मांजरीला कोंडले, स्वतः खायला घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-मुंग्या शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. दोष कोंडण्यात आणि विसरण्यात होता. आजच्या सदनिकेत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही हदीस पुन्हा वाचावी. चार दिवस गावी लग्नाला जाताना घरात कोंडलेल्या मांजरीची सोय कोणाकडे लावली, हा प्रश्न त्या हदीसमधूनच आपल्याला विचारला जात आहे.

अबू दाऊदमध्ये एका उंटाचा प्रसंग आहे. प्रेषित (स.) एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले, तेव्हा तेथील उंट त्यांना पाहून हंबरला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषित (स.) यांनी त्याच्या कानामागे हात फिरवला, तेव्हा तो शांत झाला. मग त्यांनी मालकाला बोलावून अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले. कारण उंटाची तक्रार अशी होती की मालक त्याला उपाशी ठेवतो आणि राबवून थकवतो. मुस्लिमच्या एका हदीसमध्ये प्रवासाचे अदब सांगताना म्हटले आहे की हिरव्यागार प्रदेशातून जाताना उंटांना जमिनीतून त्यांचा वाटा घेऊ द्यावा, आणि दुष्काळी प्रदेशातून जाताना वाट लवकर उरकावी, म्हणजे त्यांची ताकद संपण्याआधी ती पार होईल. जनावराचा 'वाटा' या शब्दाकडे लक्ष द्या. ज्याला आपण दया समजतो, त्याला शरीयतने हक्क म्हटले आहे.

फिकहच्या इमामांनीही या हक्काची नोंद घेतली आहे. जनावराचे पोषण करणे ही मालकावर धार्मिक जबाबदारी आहे, यावर सर्वांचे एकमत आहे. कोकणातील आपली बहुसंख्य कुटुंबे ज्या शाफई मसलकाची आहेत, त्यात तर मालक चारा देत नसेल तर त्याला चारा देण्यास, जनावर विकण्यास, किंवा ते खाण्यास योग्य असेल तर जबह करण्यास भाग पाडता येते. हनफी इमामांपैकी इमाम अबू यूसुफ (रह.) यांचेही मत मालकावर सक्ती करता येते असेच आहे.

तर पहिली गोष्ट ठरली. पाळलेल्या जिवासाठी बेगमी करावी. पण ती किती, कशी आणि कोणाच्या वाट्यातून? येथे तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा: मोजमाप

सूरह यूसुफमध्ये साठवणुकीचा सर्वांत मोठा धडा आहे. हजरत यूसुफ (अ.) यांनी सात वर्षे नेटाने शेती करण्यास सांगितले, कापलेले पीक कणसातच राहू देण्यास सांगितले, आणि फक्त खाण्यापुरते थोडे काढण्यास सांगितले. त्यानंतरची सात कठीण वर्षे त्या साठ्यावर निघाली. यात तीन गोष्टी दिसतात. साठा किती काळासाठी करायचा ते ठाऊक होते; तो टिकेल कसा याची रीत ठरली होती; आणि वापर मोजून होता. पुढे त्यांचे भाऊ धान्यासाठी आले, तेव्हा त्यांच्या बोलण्यातही एका माणसामागे एका उंटाचे ओझे असाच हिशेब येतो. भीतीपोटी केलेल्या साठ्याला आकडा नसतो, शहाणपणाच्या साठ्याला असतो.

आपल्या त्या तरुणाचाच हिशेब मांडू. चार किलो वजनाच्या प्रौढ मांजरीला कोरडे खाद्य दिवसाला साधारण पन्नास ते साठ ग्रॅम पुरते. म्हणजे तीन किलोची एक पिशवी पन्नास ते साठ दिवस चालते. आठ पिशव्या म्हणजे तेरा ते सोळा महिन्यांचे अन्न! आणि पिशवी एकदा उघडली की ती साधारण महिना-दीड महिन्यात संपलेली बरी, कारण त्यातील स्निग्धांश हवेने खवट होतो. म्हणजे एका मांजरीच्या घरात तीन किलोंची पिशवीसुद्धा जरा मोठीच. वापरात असलेली एक लहान पिशवी आणि तिच्या मागे न उघडलेली एक, एवढी तरतूद बहुतेक घरांना पुरते. सवलतीत वाचलेले पैसे किड्यांनी खाल्ले, तर ती सवलत कोणाला मिळाली?

शेळीचेही असेच आहे. तीस किलोच्या शेळीला पाण्याचा अंश वजा करून दिवसाला सुमारे एक ते सव्वा किलो चारा लागतो. हिरव्या चाऱ्यात बराच भाग पाण्याचा असतो, म्हणून तो वजनाने तिप्पट-चौपट द्यावा लागतो. दावणीला किती तोंडे आहेत, पाऊस येऊन गवत उगवेपर्यंत किती दिवस आहेत, आणि रानात चरून काय मिळते, एवढे पाहिले की आकडा हाताशी येतो. त्यावर पंधरा-वीस दिवसांचे जास्तीचे धरले की पुरे. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे एक लक्षण असे सांगितले आहे की ते खर्चात उधळपट्टीही करीत नाहीत आणि हात आखडूनही धरीत नाहीत. त्यांची चाल या दोहोंच्या मध्ये असते. ही मधली चाल मनाने ओळखता येत नाही, ती मोजूनच सापडते.

दुसरी मर्यादा: निगा

साठा करून विसरणे ही निम्मी उधळपट्टीच आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळ्यांना सैतानांचे भाऊ म्हटले आहे. आपण उधळपट्टी म्हटले की लग्नातील उष्टी ताटे डोळ्यांसमोर आणतो. पण माळ्यावर पडून बुरशी लागलेले पोते हीसुद्धा उधळपट्टीच आहे, फक्त ती कोणाला दिसत नाही. प्रेषित (स.) यांनी खाली पडलेला घास उचलून, त्याला लागलेले झटकून खाण्याची शिकवण दिली. ज्या दीनमध्ये एका घासाची एवढी कदर आहे, त्यात पोत्याची किती असेल!

हजरत यूसुफ (अ.) यांनी धान्य कणसात ठेवायला सांगितले, यात निगेचे मोठे ज्ञान आहे. आवरणात राहिलेला दाणा किडीपासून जपला जातो, आणि कणीस राखले की दाण्याबरोबर जनावरांचा भुसाही राखला जातो. आपल्याकडचे शेतकरी कडब्याची गंजी रचताना खाली दगड-लाकडांचा थर देतात आणि वरचा माथा उतरता ठेवतात, म्हणजे पाणी आत मुरत नाही. अलीकडे हिरवा मका कापून, दाबून, हवाबंद करून मुरघास करतात; तो साधारण पंचेचाळीस दिवसांत तयार होतो आणि हवा लागली नाही तर महिनोन् महिने टिकतो. हे ज्ञानही अल्लाहची देणगी आहे, ते शिकून घेण्यात पुण्य आहे.

घरातील साध्या गोष्टी अशा. पोती थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नयेत, खाली फळ्या घालाव्यात. मांजरीचे खाद्य मूळ पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवावे, म्हणजे वरची तारीख डोळ्यांसमोर राहते. नवे मागे ठेवावे, जुने आधी वापरावे. उंदरांचा बंदोबस्त करावा. उंदरांच्या मुतापासून लेप्टोसारखा आजार माणसांनाही होतो. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: बुरशी लागलेले अन्न "जनावरच तर आहे, खाईल" म्हणून पुढे टाकू नये. ओलसर शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढणाऱ्या बुरशीचे विष जनावराच्या यकृताला बाधते आणि दुभत्या जनावराच्या दुधातही उतरते. इस्राफ टाळण्याच्या नावाखाली मुक्या जिवाला विष घालणे हा एका चुकीवर दुसरा जुलूम आहे.

तिसरी मर्यादा: शेजारी

आता माझी चूक सांगतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात दुष्काळ होता. गावोगावी चारा छावण्या लागल्या होत्या. मी ज्या गावात इमामत करीत होतो, तेथे माझ्या घरी दोन शेळ्या होत्या. पुढे भुसकट मिळणार नाही अशी आवई उठली आणि मी घाबरलो. दोन शेळ्यांना तीन महिने पुरायला पंधरा-पंधरा किलोंची बारा ते पंधरा पोती पुष्कळ होती. मी चाळीस भरली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये थरावर थर लावून ठेवली. गावात भुसकटाचे भाव चढले, त्यात माझ्या पंचवीस जास्तीच्या पोत्यांचा हात नव्हता असे मी म्हणू शकत नाही.

शेजारी एक विधवा खाला राहत होत्या. त्यांच्या तीन शेळ्या होत्या आणि त्या शेळ्यांच्या दुधावर घर चालत होते. वैशाखात त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "इमामसाहेब, चार पोती द्या. तुम्ही घेतलीत त्या भावाने पैसे देते." मी म्हणालो, "खाला, पाऊस लांबला तर? थोडे थांबा, बघू." त्या काही न बोलता गेल्या. पुढच्या आठवडी बाजारात त्यांनी दोन शेळ्या पडत्या भावाने विकल्या.

मग पहिला मोठा पाऊस आला. पत्र्याच्या फटींतून पाणी आत आले आणि खालचे थर भिजले. मी आठ दिवसांनी पाहिले तेव्हा सोळा पोती काळी पडली होती. ती ओढत उकिरड्यावर नेत असताना खाला दारात उभ्या होत्या. त्यांनी टोमणा मारला नाही. फक्त विचारले, "इमामसाहेब, आता हे खतासाठी नेऊ का?"

बंधू-भगिनींनो, मी मदरशात इहतिकारचा धडा शिकलो होतो. इहतिकार म्हणजे लोकांच्या गरजेची वस्तू अडवून ठेवणे. साठेबाजी करणारा पापीच असतो, या अर्थाची मुस्लिमची हदीस मला पाठ होती. हनफी मसलकाच्या 'हिदाया' या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की ज्या गावात साठा अडवल्याने लोकांना त्रास होतो, तेथे माणसांच्या अन्नाप्रमाणेच जनावरांचे खाद्य अडवून ठेवणेही निषिद्ध प्रकारात मोडते. स्वतःच्या शेतातले पीक घरात ठेवणाऱ्याला त्या ग्रंथात साठेबाज म्हटलेले नाही. मी मात्र बाजारातून घेतले होते. विकून नफा कमवावा असे माझ्या मनात नव्हते, म्हणून फिकहच्या काटेकोर व्याख्येत मी बसतो की नाही यावर आलिम चर्चा करतील. पण कियामतच्या दिवशी खालांच्या त्या दोन शेळ्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, तर मी व्याख्या सांगू शकणार नाही.

त्यानंतर मला हजरत उमर (रजि.) यांची एक गोष्ट नव्याने समजली. आपल्या खिलाफतीत त्यांनी सार्वजनिक जनावरांसाठी काही कुरणे राखीव ठेवली होती. अशा राखीव कुरणाला 'हिमा' म्हणत. बुखारीत आले आहे की त्यावर त्यांनी हुनै नावाच्या आपल्या मुक्त केलेल्या सेवकाला नेमले आणि त्याला ताकीद दिली. ज्याच्याकडे थोडेसे उंट किंवा थोड्याच शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला कुरणात येऊ दे, पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या जनावरांबाबत सावध राहा. कारण काय? या दोघांची जनावरे मेली तर त्यांना खजुरीच्या बागा आणि शेती आहे; पण त्या गरिबाची जनावरे मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दारात येईल, आणि त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा पाणी आणि गवत देणे मला सोपे आहे. लक्षात घ्या, हे दोघे श्रेष्ठ सहाबी होते, उदार होते. तरी चाऱ्याच्या साठ्यावर पहिला हक्क त्याचा, ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे.

अबू दाऊदमधील हदीसनुसार पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत मुसलमान भागीदार आहेत. बुखारी आणि मुस्लिममध्ये, गवतापासून लोकांना रोखण्यासाठी जास्तीचे पाणी अडवून ठेवण्याची मनाई आली आहे. साठ्याची तिसरी मर्यादा यातूनच ठरते. आपली गरज भागून उरेल ते दुसऱ्याच्या दावणीतून आलेले आहे, असे समजावे. शेजारी मुसलमान असो वा नसो, त्याच्या गोठ्यातील म्हैस उपाशी असेल आणि आपल्याकडे पोती कुजत असतील, तर आपल्या नमाजांनी त्या वासावर पांघरूण पडत नाही.

मी खालांची माफी मागितली. त्यांनी ती लगेच दिली, तेव्हा माझी मान आणखीच खाली गेली. पुढच्या वर्षी आमच्या शेळीला झालेल्या दोन पाटी मी त्यांच्या दावणीला नेऊन बांधल्या. त्याने त्यांचे नुकसान काहीसे भरले असेल. त्या उन्हाळ्यातले दूध भरून निघाले नाही.

कुर्बानीच्या जनावराचा चारा

बकरी ईदच्या आधी आपल्या गल्ल्या आणि इमारतींचे आवार चाऱ्याने भरून जातात. कोणी देवनारच्या बाजारातून, कोणी आठवडी बाजारातून बोकड आणतो, आणि प्रेमापोटी घरातील प्रत्येक जण त्याच्यापुढे काहीतरी ठेवतो. भिजवलेले हरभरे, गहू, पोळ्या, पाव, जे हाताला लागेल ते. रानात पाल्यावर वाढलेल्या जनावराला एकाएकी भरपूर धान्य मिळाले की त्याचे पोट फुगते, आम्लता वाढते, आणि कधी ईदच्या आधीच ते दगावते. बदल हळूहळू करावा. पाला आणि सुका चारा मुख्य ठेवावा, धान्य मूठ-दोन मुठींनी वाढवावे. मुलांना हे समजावून सांगावे. जनावराला घास भरवण्यातून मुलांच्या मनात जे प्रेम उगवते, ते कुर्बानीचा अर्थ समजायला फार मोलाचे आहे.

आणि ईदच्या नंतर? तुडवलेला पाला, अर्धी पोती, भिजलेले हरभरे रस्त्यावर पडलेले असतात. ज्या अल्लाहच्या नावाने आपण जनावर अर्पण केले, त्याचेच दिलेले हे अन्न आहे. चार घरांनी मिळून चारा घेतला तर उरतो कमी. उरलेला स्वच्छ चारा त्याच दिवशी जवळच्या गवळ्याकडे, पांजरपोळात किंवा शेजारच्या गोठ्यात पोहोचवावा. माझ्या सध्याच्या गावी गेली काही वर्षे मोहल्ल्यातील मुले ईदच्या तिसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन उरलेला चारा गोळा करतात आणि वेशीजवळच्या हिंदू बांधवांच्या गोठ्यांत देऊन येतात. त्या गोठ्यांतून आता ईदच्या आधी स्वस्तात कडबाही मिळतो. हे कोणी ठरवून केलेले नाही, वाया जाणारे अन्न वाचवताना आपोआप घडले.

त्या तरुणाला दिलेले उत्तर

मी त्या तरुणाला म्हणालो, "किडे पडलेले आणि मुदत संपलेले खाद्य कोणत्याही जिवाला घालू नकोस. ते मातीत पुरून त्याचे खत कर, म्हणजे झाडाच्या तरी कामी येईल. ज्या पिशव्यांची मुदत बाकी आहे आणि ज्या उघडलेल्या नाहीत, त्यांतली एक ठेव आणि बाकी आजच अशा माणसाला दे, जो रस्त्यावरच्या मांजरींना खाऊ घालतो. फेकण्याचा गुनाह शोधत बसू नकोस. चूक फेकण्याच्या दिवशी झालेली नाही, ती न मोजता घेण्याच्या दिवशी झाली. तौबा त्या दिवसाची कर, आणि तौबाची खूण म्हणजे पुढच्या खरेदीआधी वजनकाटा काढ."

तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आमच्या इमारतीच्या खाली एक वयस्कर बाई रोज मांजरींना दूध-भाकरी घालतात. मी त्यांच्याशी कधी बोललोच नाही." मी म्हणालो, "मग आज बोल."

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना मांजरीच्या पिल्लावरून 'अबू हुरैरा' म्हणजे 'पिल्लाचा बाप' हे नाव पडले आणि ते नाव त्यांनी आयुष्यभर मिरवले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वजूचे भांडे मांजरीसाठी तिरपे करून धरले आणि सांगितले की प्रेषित (स.) यांच्या शब्दांत ही तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे. आपल्याभोवती वावरणाऱ्या या जिवांना आपल्या कपाटात किती पिशव्या आहेत ते ठाऊक नसते. ते फक्त वेळ झाली की आपल्या तोंडाकडे पाहतात. तान्हेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याला अल्लाहने माफ केले, आणि मांजर कोंडून विसरणारीला पकडले. या दोन हदीसांच्या मध्ये आपले घर आहे.

म्हणून या वर्षी बेगमी करताना माणसांच्या यादीखाली एक ओळ आणखी लिहा. आपल्याकडे तोंडे किती, दिवस किती, चारा-दाणा किती. त्याच्या खाली शेजाऱ्याचे नाव लिहा, ज्याच्याकडे कमी आहे. आणि महिन्यातून एकदा पोते उघडून हात घालून पाहा, आत ओल तर धरली नाही ना.

हे अल्लाह! तू आमच्या हाती ज्या जिवांची रोजी सोपवली आहेस, तिच्यात आम्हाला खरे अमानतदार कर. आमची भीती आमच्या शेजाऱ्याच्या भुकेचे कारण बनू देऊ नकोस. आम्ही जे कुजवले, जे अडवले, जे विसरलो, त्याची आम्हाला क्षमा कर. आमच्या शिवारात वेळेवर पाऊस पाड आणि आमच्या दावणीतील प्रत्येक मुक्या जिवाला पोटभर घास दे. आमीन.